रविवारी मिटणारं शहर

शनिवारी संध्याकाळी साडेसातला म्युनिकमधल्या कुठल्याही सुपरमार्केटात शिरलं, तर सगळ्यांच्या चालण्याला एक घाई आलेली दिसते. दूध, अंडी, टोमॅटो, ब्रेड भराभर ट्रॉलीत पडत असतात. आठ वाजले की दुकान बंद होणार आणि त्यानंतर उघडणार ते थेट सोमवारी सकाळी. पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी इथे आलेला माणूस हे एकदा विसरतो. रविवारी सकाळी पोह्यांची तयारी करताना घरात कांदा नाही हे लक्षात येतं, पिशवी घेऊन तो खाली उतरतो, आणि रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी दुकानं बंद असतात. काही तास उघडी असलेली एखादी बेकरी, पेट्रोल पंप आणि मुख्य रेल्वे स्थानकातली दुकानं, एवढाच काय तो आधार. कोपऱ्यावरचा वाणी रात्री अकराला अर्धं शटर वर करून लिंबू देतो, अशा शहरात वाढलेल्याला ही शांतता आधी खटकते. पुढे कधीतरी तिची सवय होते आणि मग ती हवीशी वाटू लागते.

ही शांतता आपोआप आलेली नाही. ती कायद्यात लिहिलेली आहे, आणि तो कायदा फार जुना आहे.

रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने इसवी सन 321 मध्ये रविवार हा विश्रांतीचा दिवस ठरवला, तिथून ही गोष्ट सुरू होते. पण एकोणिसाव्या शतकात कारखाने आले, आणि यंत्राला वार कळत नसल्यामुळे यंत्रापुढच्या माणसाचाही वार सुटला. जर्मनीत 1891 सालच्या कामगार संरक्षण कायद्याने कारखान्यांतल्या रविवारच्या कामाला बंदी घातली. दुकानांमधले रविवारचे तास आधी कमी झाले आणि 1919 मध्ये तेही जवळजवळ संपले. त्याच वर्षीच्या वायमार राज्यघटनेच्या 139 व्या कलमात रविवारला संरक्षण मिळालं: कामापासून विश्रांतीचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून. दुसऱ्या महायुद्धानंतर 1949 मध्ये नवी मूलभूत राज्यघटना लिहिली गेली, तेव्हा तिच्या 140 व्या कलमाने हे जुनं कलम जसंच्या तसं आत घेतलं. आठवड्यातल्या एका वाराला थेट राज्यघटनेत जागा देणारे देश थोडेच असतील.

इथे मराठी वाचकाला नारायण मेघाजी लोखंडे आठवतात. मुंबईच्या गिरण्यांत कामगार आठवड्याचे सातही दिवस राबत होते, तेव्हा लोखंड्यांनी 1884 पासून साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली. रविवार हा खंडोबाचा वार, त्या दिवशी कामगाराला मोकळीक हवी, असाही आधार त्यांनी दिला. शेवटी 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. जर्मनीतला कायदा 1 जून 1891 चा. म्हणजे गिरणगावातल्या माणसाला रविवार मिळाला, त्यानंतर वर्षभराच्या आत तिथल्या कारखान्यातल्या माणसासाठी तसा कायदा झाला. आज म्युनिकमध्ये संगणकासमोर बसणाऱ्या मराठी अभियंत्याच्या रविवारामागे हे दोन्ही लढे आहेत, आणि त्यातला एक त्याच्या पणजोबांच्या काळातला, त्याच्याच भाषेत लढला गेलेला आहे.

शनिवारची गोष्ट अलीकडची. युद्धानंतर जर्मन कामगार आठवड्याचे सहा दिवस, 48 तास काम करत. 1956 च्या कामगार दिनाला तिथल्या कामगार संघटनांच्या महासंघाने एक पोस्टर काढलं. त्यावर एक लहान मुलगा होता आणि मजकूर असा, की शनिवारी बाबा माझे. पाच दिवसांचा आठवडा हवा, ही आर्थिक मागणी इतक्या साध्या शब्दांत क्वचितच कुणी मांडली असेल. साठच्या दशकात एकेका उद्योगात 40 तासांचा आठवडा लागू होत गेला. ‘वीकेंड’ म्हणून आज जे दोन दिवस गृहीत धरले जातात, त्यातला एक असा एका पोस्टरवरच्या पोराने मागून घेतलेला आहे.

आणि रविवारची राखण आजही चालूच असते. बर्लिन राज्याने नाताळाआधीचे चारही रविवार दुकानं उघडी ठेवायला परवानगी दिली होती. प्रकरण चर्चनी संवैधानिक न्यायालयात नेलं आणि डिसेंबर 2009 मध्ये न्यायालयाने ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. केवळ दुकानदाराचा फायदा किंवा गिऱ्हाइकाची रोजची खरेदीची हौस हे रविवार मोडायला पुरेसं कारण नाही, असा त्या निकालाचा रोख होता. रुग्णालयं, ट्राम, हॉटेलं यांना रविवारीही काम करावंच लागतं. त्यांच्यासाठी कायद्यात बदली सुट्टी आहे आणि वर्षातले किमान 15 रविवार मोकळे मिळण्याची हमी आहे. घरातही नियम पाळायचे असतात. रविवारी निवासी भागात गवत कापायचं यंत्र चालवायचं नाही, भिंतीत ड्रिल मारायचं नाही, रस्त्याकडेच्या काच गोळा करणाऱ्या पेटीत बाटल्या टाकायच्या नाहीत, कारण त्यांचा खळखळाट शेजाऱ्याची दुपार मोडतो.

खरेदी नाही, दुरुस्ती नाही, धुणं वाळत घालण्यापलीकडे घरकाम नाही. मग माणसं करतात काय? बाहेर पडतात. आणि म्युनिकची गंमत ही, की बाहेर पडलेल्या माणसासाठी या शहराने दोनशे वर्षांहून अधिक काळ जागा राखून ठेवली आहे.

सुरुवात शनिवारी सकाळी करावी, ती विक्टुआलिएनमार्क्टपासून. राजा माक्सिमिलियन पहिला योसेफ याच्या हुकमाने 1807 मध्ये शेतमालाचा बाजार मारीएनप्लाट्झ या मुख्य चौकातून हलून इथे आला आणि आजही भरतो. पांढरा श्पार्गल, म्हणजे शतावरीचे जाड कोंब, वसंतात ढिगाने येतात. शरदात भोपळे आणि अळिंबी. मधोमध चेस्टनटच्या सावलीत बाकं मांडलेली असतात. दोन मिनिटांवरच्या मारीएनप्लाट्झवर अकरा आणि बारा वाजता नव्या नगरभवनाच्या मनोऱ्यातली 43 घंटांची किणकिण सुरू होते आणि माणसाएवढ्या बाहुल्या फिरू लागतात. वरच्या मजल्यावर 1568 साली झालेलं एका राजपुत्राचं लग्न, खालच्या मजल्यावर पिंपं बनवणाऱ्या कारागिरांचा नाच. प्लेगनंतर घाबरून घरात बसलेल्या लोकांना बाहेर काढायला हे कारागीर रस्त्यावर नाचले, अशी दंतकथा आहे. पाहुणा आला की त्याला हे दाखवावं लागतं. एरवी तिथे राहणारा माणूस पिशवीत भाजी घेऊन पुढे निघतो.

मान वर केली, तर या शहराची आणखी एक निवड दिसते. फ्राउएनकिर्श या चर्चचे दोन कांद्याच्या आकाराचे घुमट सगळीकडून दिसतात, कारण त्यांच्यापेक्षा उंच फारसं काही उभंच राहिलेलं नाही. 2004 मध्ये नागरिकांचं मतदान झालं, आणि साधारण 99 मीटरच्या या मनोऱ्यांहून उंच इमारत नको, असा कौल थोडक्या मतांनी लागला. दक्षिणेकडून ‘फ्योन’ नावाचा कोरडा, उबदार वारा आल्प्स उतरून वाहू लागला की हवा इतकी स्वच्छ होते, की घुमटांच्या मागे बर्फाच्छादित डोंगररांग अगदी शहराच्या वेशीवर असल्यासारखी दिसते.

शनिवारची दुपार एंग्लिशर गार्टनची. नाव ‘इंग्लिश बाग’, क्षेत्रफळ साधारण 375 हेक्टर, म्हणजे न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कहूनही मोठं. ही बाग ज्याने सुचवली तो ना जर्मन होता ना इंग्लिश. बेंजामिन थॉम्पसन हा अमेरिकेतल्या मॅसेच्युसेट्समध्ये जन्मलेला, स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांच्या बाजूने राहिलेला आणि मग बव्हेरियाच्या दरबारात नोकरीला लागलेला गृहस्थ. आजच्या भाषेत तोही परदेशात नोकरी करणारा. त्याने तिथल्या सैन्यात सुधारणा केल्या, सैनिकांनी शांततेच्या काळात भाजीपाला पिकवावा म्हणून बागा आखल्या, गरिबांसाठी जव आणि वाटाण्याचं स्वस्त सूप शिजवायला लावलं. म्युनिकच्या शस्त्रागारात तोफेच्या नळ्या कोरताना धातू सारखा तापतच राहतो, हे पाहून त्याने उष्णता ही वस्तू नसून गतीचं रूप आहे असा विचार 1798 मध्ये मांडला. भौतिकशास्त्रात तो काउंट रम्फर्ड म्हणून ओळखला जातो. कॉलेजात हे नाव परीक्षेपुरतं वाचलेलं असतं आणि इथे अचानक त्याच्याच झाडांखाली बसायला मिळतं.

ऑगस्ट 1789 मध्ये बव्हेरियाचा शासक कार्ल थिओडोर याने इथली शिकारीची राखीव जमीन लोकांसाठी बाग करायचा हुकूम काढला. महिनाभरापूर्वीच पॅरिसमध्ये बास्तीयचा तुरुंग पडला होता. राज्यकर्त्यांनी आपली शिकारीची रानं प्रजेला खुली करणं तेव्हा दुर्मीळ होतं, आणि ही युरोपातल्या सुरुवातीच्या सार्वजनिक बागांपैकी एक ठरली. पुढे फ्रीडरिश लुडविग फॉन स्केलने तिला आजचं रूप दिलं: सरळ रेषेतले ताटवे नाहीत, तर वळणारे ओढे, मोकळी कुरणं, झाडांचे पुंजके. आजही तिथे कुणी कुणाला हटकत नाही. गवतावर बसा, झोपा, चेंडू खेळा. हिरवळीवर चालू नये, ही पाटी वाचत मोठं झालेल्या आपल्या लोकांना याचं अप्रूप वाटणं अगदी साहजिक आहे.

बागेत एक लाकडी चिनी मनोरा आहे. 1944 मध्ये तो बॉम्बहल्ल्यात जळाला, 1952 मध्ये जसाच्या तसा पुन्हा बांधला. त्याच्याभोवती साधारण सात हजार माणसं बसतील एवढी बाकं आहेत. हे बिअरगार्टन. इथे जरा थांबावं, कारण म्युनिकचं मन या बाकांवर जितकं कळतं, तितकं दुसरीकडे कुठे कळत नाही.

झाडं इथे शोभेसाठी आलेली नाहीत. बव्हेरियात 1539 च्या नियमाप्रमाणे बिअर फक्त 29 सप्टेंबर ते 23 एप्रिल या काळातच गाळता येई. उन्हाळ्यात भट्ट्यांना आग लागण्याची भीती, शिवाय तिथल्या बिअरचं यीस्ट थंडीतच नीट काम करी. मग उन्हाळ्यासाठी मार्चमध्ये थोडी कडक बिअर करून ठेवायची आणि ती तळघरात साठवायची. म्युनिकमध्ये जमिनीखाली पाणी लवकर लागतं, तेव्हा तळघर फार खोल खणता येईना. ते थंड ठेवायला हिवाळ्यातला बर्फ आत भरला, वर खडी पसरली आणि चेस्टनटची झाडं लावली. पानं मोठी म्हणून सावली दाट. मुळं उथळ पसरतात म्हणून खालच्या कमानींना धोका नाही. या थंड सावलीत कुणीतरी बाकं टाकली, आणि तळघरातली बिअर थेट तिथेच विकली जाऊ लागली.

गावातल्या खानावळवाल्यांचं गिऱ्हाईक तुटलं. त्यांनी तक्रार केली. राजा माक्सिमिलियनने 1812 च्या जानेवारीत दोघांनाही राखणारा तोडगा काढला: बिअर करणाऱ्यांनी आपल्या तळघरावर उन्हाळ्यात बिअर विकावी, पण ब्रेडशिवाय खायला काही देऊ नये. मग लोक आपापला डबा घेऊन यायला लागले. पुढे खाद्यपदार्थ विकायची बंदी उठली. 1870 च्या दशकात म्युनिकमधलेच प्राध्यापक कार्ल फॉन लिंडे यांनी शीतयंत्र बनवलं, ते आधी तिथल्या बिअरच्या कारखान्यातच वापरात आलं, आणि तळघरांची गरजच संपली. तरीही झाडं राहिली, बाकं राहिली, आणि डबा आणण्याचा हक्कही राहिला. 1999 च्या बव्हेरियन बिअरगार्टन नियमावलीत तो लेखी आहे. बाग असणं आणि घरचं खाणं आणता येणं, या दोन गोष्टी असतील तरच ते बिअरगार्टन.

ही नियमावलीसुद्धा लोकांनी रस्त्यावर उतरून मिळवली. 1995 मध्ये शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून एका बिअरगार्टनला रात्री साडेनऊला बंद करायचा आदेश निघाला, तेव्हा 12 मे रोजी हजारो म्युनिककर मोर्चा घेऊन शहराच्या मध्यभागी आले. आता रात्री दहापर्यंत संगीत आणि अकरापर्यंत बैठक, अशी सर्वसाधारण वेळ ठरली आहे.

मराठी कुटुंबांना या हक्काचा सुगावा फार लवकर लागतो. चादर न घातलेल्या कुठल्याही टेबलावर आपला डबा उघडावा, पेय मात्र तिथून घ्यावं, एवढाच दंडक. मग एका बाजूला कुणी जर्मन आजोबा लाकडी फळीवर मुळ्याचे पातळ काप करून मीठ लावत असतात आणि पलीकडच्या टोकाला थालीपीठ, दही, शेंगदाण्याची चटणी निघते. बिअर न पिणारे सफरचंदाचा रस आणि सोडा घालून केलेलं आप्फेलशोर्ले घेतात. लांब बाकावर अनोळखी माणसांनी एकमेकांशेजारी बसायचं असतं. बसण्यापूर्वी जागा मोकळी आहे का एवढं विचारलं की झालं. परदेशात भाषा शिकण्याच्या वर्गात जे संवाद घोकावे लागतात, ते इथे मुळ्याच्या एका कापाच्या बदल्यात शिकायला मिळतात.

रविवारची सकाळ संग्रहालयाची. म्युनिकच्या राज्य संग्रहालयांपैकी अनेकांचं रविवारचं तिकीट एक युरो असतं. एवढ्या स्वस्तात जाता येतं म्हणून सगळं पाहायची धाव सुटते. ती होऊ देऊ नये. एक रविवार, एक इमारत, शक्य तर एकच दालन, हाच इथे राहणाऱ्याचा खरा फायदा. पर्यटकाकडे दोन दिवस असतात, नोकरदाराकडे वर्षाचे बावन्न रविवार.

आल्टे पिनाकोटेक या चित्रसंग्रहालयापासून सुरुवात करावी आणि आत शिरण्याआधी बाहेरून एक फेरी मारावी. लिओ फॉन क्लेन्झे याने बांधलेली ही इमारत 1836 मध्ये उघडली. युद्धात तिच्या मधोमध बॉम्ब पडून मोठं भगदाड झालं. पाडून टाकायची भाषा सुरू होती, तेव्हा हान्स डोलगास्ट या वास्तुकाराने पन्नासच्या दशकात ती उभी केली, पण जुनी नक्षी पुन्हा न कोरता. भगदाडाच्या जागी त्याने ढिगाऱ्यातून निवडलेल्या साध्या विटा लावल्या. आजही दक्षिणेकडच्या भिंतीवर जखम नेमकी कुठून कुठवर होती ते दिसतं. आत ड्यूररचं 1500 सालचं आत्मचित्र आहे: अठ्ठावीस वर्षांचा चित्रकार सरळ आपल्या डोळ्यांत पाहतो. पण ती विटांची भिंत त्याहून जास्त वेळ मनात राहते, असं इथे येणारे अनेकजण सांगतील.

एका रविवारी तरी वायव्येकडची एस-टू ही लोकल धरावी. वीसेक मिनिटांवर डाखाऊ आहे. मार्च 1933 मध्ये, हिटलर सत्तेवर येऊन दोन महिने होत नाहीत तोच, नाझींनी इथे छळछावणी उघडली. पुढच्या बारा वर्षांत तिथे आणि तिच्या उपछावण्यांत दोन लाखांहून अधिक माणसं कोंडली गेली आणि किमान 41,500 माणसं मेली. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. शाळकरी मुलांचे गट शिक्षकांसोबत येतात आणि हळू आवाजात बोलतात. निवांत शनिवार-रविवारच्या गोष्टीत हे कशाला, असं वाटेल. पण चेस्टनटच्या सावलीतल्या त्याच शहरातून तीच रेल्वे इथे येते, आणि या शहरात राहायचं तर हा प्रवास टाळता कामा नये. त्या दिवशी परतल्यावर दुसरं काही पाहू नये.

बाकीच्या रविवारी दुपारनंतर सगळ्या वाटा नदीकडे जातात. ईझार आल्प्समधल्या कारवेंडेल डोंगरात उगम पावते आणि म्युनिकच्या मधून वाहत डॅन्यूबला मिळते. एकोणिसाव्या-विसाव्या शतकात पुराच्या भीतीने आणि विजेच्या हव्यासापायी तिला दोन्ही बाजूंनी बांधून सरळ कालव्यासारखं केलं होतं. मग 2000 ते 2011 या काळात शहर आणि राज्याने मिळून शहराच्या दक्षिण भागातल्या आठ किलोमीटर पात्रातले काँक्रीटचे काठ काढले, पात्र रुंद केलं, खडी आणि गोटे मोकळे केले, माशांना वर चढता यावं म्हणून बंधाऱ्यांच्या जागी दगडांचे उतार दिले. पूर सामावून घ्यायची नदीची ताकद यामुळे वाढली. वरच्या बाजूच्या गावांतल्या सांडपाणी केंद्रांत उन्हाळ्यात अतिनील किरणांनी जंतू मारले जातात, म्हणून पाण्यात उतरताही येतं. खर्च सुमारे साडेतीन कोटी युरो. मुळा-मुठेच्या काठावर लहानपण गेलेला माणूस इथे गुडघाभर पाण्यात उभा राहतो तेव्हा पाण्याच्या थंडीपेक्षा वेगळाच चटका त्याला बसतो. नदीला तिची जागा परत देऊन शहर सुरक्षित करता येतं, हे त्याच्या पायाखाली, गोट्यांवर उभं राहून कळत असतं.

उन्हाळ्यात इथे साडेनऊपर्यंत उजेड रेंगाळतो. फ्लाउखर नावाच्या टप्प्यावर खडीच्या बेटांवर घोळके बसलेले असतात. कुणी पुस्तक वाचतो, कुणी शेगडी पेटवून कणसं भाजतो, मुलं गोटे रचून लहान बंधारे बांधतात आणि पाणी ते फोडतं. दूरवर सायकलींचे दिवे पुलावरून सरकू लागतात. निघताना लोक अनामत मिळणाऱ्या रिकाम्या बाटल्या कचरापेटीत न टाकता तिच्या शेजारी उभ्या करून ठेवतात, म्हणजे त्या वेचून दुकानात परत देणाऱ्याला पेटीत हात घालावा लागू नये. ज्या बाटल्यांना अनामत नसते, त्या मात्र पिशवीत घालून घरी न्याव्या लागतात. काचेच्या पेटीपाशी त्या सोमवारी सकाळी, कामावर जाताना टाकायच्या.